मावशींचं कँटोनीज

वहिनी, ऐकलंत का? आमच्या पलीकडच्या मावशी निघाल्या हाँगकाँगला, लेकीच्या बाळंतपणाला. पण बातमी ती नाहीच! बाई कँटोनीज शिकतायत, तेही ओट्याशी. मिठाच्या बरणीवर चिठ्ठी ‘यीम’, तेलाच्या किटलीवर ‘याऊ’. काका म्हणतात, चहात मीठ पडलं तर कोणत्या भाषेत भांडू?

तांदूळ-भाताचं मात्र त्यांना एकदम पटलं. इंग्रजीत दोन्ही ‘राइस’च. तिकडे कच्चा तो ‘मै’, शिजला की ‘फान’. आपल्यासारखंच की! भेटल्यावर ‘जेवलात का’ विचारायची रीतही तीच.

अडलंय ते ‘थोंग’पाशी. आवाज उंच ठेवला तर सूप, खाली सोडला तर साखर. त्या भाषेत सूरच सहा. एकीकडे हायवेचे ट्रक, डोक्यावर मेट्रो, आणि खिडकीतून यांचं ‘थोंग, थोंग’! काशीगावातल्या निम्म्या लोकांना वाटतंय देवळाची घंटा आणली.

मी म्हटलं, मावशी, आधी वजन शिका. बाजारात भाव अजून ‘गन’वर सांगतात, म्हणजे सहाशेपाच ग्रॅम. त्याचे सोळा भाग, आपल्या शेराच्या सोळा छटाकांसारखे. किलो समजून घेतलं की झालीच पंचाईत. भाजीवर कांद्याची पात मात्र फुकट टाकतात हो, आपल्याकडे कोथिंबीर टाकायचे तशी. तिला ‘छुंग’ म्हणायचं.

मासा करायची पद्धत तर मला भारीच आवडली. अख्खा मासा वाफवायचा, वर आलं-पातीच्या बारीक काड्या, आणि त्यावर कडकडीत तेल ओतायचं. चर्र झालं की सोया सॉस. फोडणीच ना ती? आपण उगाच मंचुरियनला चिनी म्हणत बसलो. ते तर १९७५च्या सुमाराला मुंबईतच नेल्सन वाँग यांनी काढलं म्हणतात.

आणि बाळंतिणीला तिकडे काय देतात माहितीये? गोडसर व्हिनेगरमध्ये ढीगभर आलं, अंडी आणि डुकराचे पाय. मावशींनी ऐकलं आणि आळीव, डिंक दुप्पट बांधले. पण आल्याचं त्यांनाही मान्य आहे.

चिठ्ठ्या लावून शब्द येतील, सूर नाही यायचा. तो कानानेच येतो. तेव्हा तुमच्या नातवाला संध्याकाळी जरा पाठवा. मावशींच्या फोनवर त्या दोन ‘थोंग’चे खरे आवाज शोधून दे म्हणावं.