माळ्यावरचं नोटबुक

गांधीबागेतल्या कापडबाजारात शटर वर गेलं म्हणजे धंदा सुरू झाला असं नाही. गादीवरची चादर झटकायची, उदबत्ती फिरवायची, कालची रोकड जुळवायची, मग ठोक गिऱ्हाईक. म्हणून भाचीच्या पायथन कोर्सची पहिली सूचना मला रास्तच वाटली: पहिल्या तासाला नोटबुक, म्हणजे ब्राउझरमधली कोडची वही, चालू करून या. एवढ्या एका ओळीपायी तिची अख्खी दुपार गेली, ते निराळं.

दुकानाच्या माळ्यावर साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून तिने आधी वेगळं एन्व्हायर्नमेंट केलं. म्हणजे एक फोल्डर. त्यात या कोर्सपुरतं पायथन आणि या कोर्सपुरत्या लायब्रऱ्या. २०१२ च्या पायथन ३.३ पासून ही सोय भाषेबरोबरच येते. एका कामाला पांडाज ही लायब्ररी जुनी लागते, दुसऱ्याला नवी, आणि दोन्ही एका जागी नांदत नाहीत. इथे तीन भावांच्या तीन फर्मा एकाच जिन्याने चढतात, पण वह्या वेगळ्या. त्यामुळे हे मला समजवावं लागलं नाही.

पांडाज टाकलं. लायब्रऱ्या आणून बसवणाऱ्या पिपने झालं म्हणून सांगितलं. नोटबुकमध्ये इम्पोर्ट केलं, तर उत्तर आलं: असं मॉड्यूलच नाही.

"मामा, आत्ता तर टाकलं ना!"

माल उतरला होता, पण शेजारच्या गाळ्यात. लॅपटॉपात दोन वेगवेगळी पायथन. पिपने एकात टाकलं, नोटबुकचं कर्नल, म्हणजे कोड चालवणारं इंजिन, दुसऱ्यावर चालत होतं. 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापल्यावर कर्नलचा पत्ता सापडला. मग पिपला नुसती हाक न मारता 'पायथन -एम पिप' असं, त्या-त्या पायथनमार्फत बोलावलं आणि आयपायकर्नल टाकून नवं एन्व्हायर्नमेंट नोटबुकच्या यादीत नोंदवलं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८८८८ उघडलं. खालून भावजींनी विचारलं, "नेट तं आत्ताच गेलं, मग हे कसं चालते?" सगळा कारभार लॅपटॉपातच, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

मग तिने नोटबुकची जन्मकथा सांगितली. फर्नांडो पेरेझने पीएचडी करताना २००१ साली आयपायथन सुरू केलं. त्यातून पुढे नोटबुक आणि २०१४ मध्ये ज्युपिटर प्रकल्प निघाला. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र ज्या वहीत टिपले, तिला या प्रकल्पाने आपल्या नावातून मान दिलाय. मुनीमजींना गॅलिलिओचं काही वाटलं नाही. त्यांची नजर कोडच्या प्रत्येक सेलशेजारच्या कंसातल्या आकड्यांवर: वरून खाली १, ७, ३.

"रोजकीर्दीत असं मागेपुढे चालत नाही, बेटा."

हे आकडे कुठला सेल कितवा चालवला ते सांगतात, जागा सांगत नाहीत, असं ती म्हणाली. आणि सेल खोडला तरी त्याची किंमत कर्नलच्या डोक्यात राहते. खोडलेली रक्कम बेरजेत! मुनीमजी हट्टालाच पेटले: सगळं पुसून पहिल्यापासून चालव. तिने कर्नल रिस्टार्ट करून 'रन ऑल' दाबलं. तिसऱ्या सेलला नेमएरर. तिथे लागणारी बेरीज दोन सेल खाली मांडलेली होती.

भाचीचा चेहरा उतरला, मुनीमजींचा खुलला. दुकानात कॉम्प्युटर आल्यापासून त्याने शिस्तीची केलेली ही पहिलीच गोष्ट, असं ते खाली जाऊन सगळ्यांना सांगत होते.