83 लाख टिंबं आणि सासरे

जावयाने सासरी जाताना मिठाईचा पुडा न्यावा आणि गप्प बसावं. मी 43 इंची 4के टीव्ही नेला आणि गप्पही बसलो नाही. तिरोड्याहून बोदलकशापर्यंत मागच्या सीटवर टीव्हीचं खोकं ऐसपैस होतं. बायको उरलेल्या जागेत.

"या पडद्यावर 83 लाख टिंबं आहेत," मी ओसरीवर जाहीर केलं. "3840 गुणिले 2160!"

"बरं जी," सासरे म्हणाले. जन्मभर सोसायटीचे हिशोब तपासलेला माणूस. गुणाकार मनातल्या मनात करून मोकळा झाला असणार.

छत्रीची वायर जोडली. बातम्या देणारी बाई आली, पण तिला नाक आहे असं खात्रीने सांगता येईना. छतावरच्या मोफत छत्रीतून येणारं साधं चित्र 720 गुणिले 576 चं, म्हणजे चार लाखांहून थोडी जास्त टिंबं. जुन्या डब्यात ती दाटीवाटीने सुखाने नांदत होती. इथे एकेकीला 20 जणींची जागा भरायची होती. मधलं सगळं टीव्ही अंदाजाने रंगवत होता.

"जुन्यात बरं दिसत होतं बाप्पा," सासूबाई आतूनच म्हणाल्या.

इंटरनेटवरून 4के पाहायला सेकंदाला साधारण 15 मेगाबिट लागतात. आमच्या फोनला रेंज होती ती गोठ्यामागे, उकिरड्यावर उभं राहिलं तर. टीव्ही तिथे न्यायची सूचना साळ्याने गंभीरपणे केली.

मग मी ठरवलं, आपणच 4के चित्रण करून दाखवायचं. सकाळी तलावावर गेलो. 1917 सालचं मातीचं धरण, पलीकडे जंगल. स्टँडवर फोन लावून एचईव्हीसी चालू केलं आणि साळ्याला शिकवणी सुरू केली. हे चित्रण दाबून साठवायचं 2013 चं तंत्र. 2003 च्या एच.264 पेक्षा जवळपास निम्म्या जागेत तसंच चित्र बसवतं. मागच्या चित्रातलं जे बदललं नाही ते पुन्हा लिहीत नाही. आभाळासारख्या सपाट भागाला 64 गुणिले 64 टिंबांचा एकच मोठा चौकोन पुरतो. जुन्या पद्धतीत 16 गुणिले 16 च्या वर जाता यायचं नाही. पाण्याचं मात्र कठीण असतं, लाट दर क्षणी नवी.

"गळ हलला भाऊजी," साळा म्हणाला.

गळाचं सांगायचं राहिलं. आज रोहू मीच धरून आणणार, असं सासूबाईंना बजावून आलो होतो. गळाला शेवाळ लागलं होतं. नंतरही शेवाळच लागत राहिलं. शेवटी डोंग्यातला मासेवाला काठाला लागला आणि माझ्या पिशवीत रोहू आला. साळ्याला मी शपथ घातली.

दुपारी रश्श्याचं कौतुक झालं. मासा किती झुंजला हे मी हातवारे करून सांगितलं. संध्याकाळी शेजारपाजार जमला, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. काय चित्र होतं! लाटेवरचं ऊन वेगळं, पलीकडचं पान न् पान वेगळं. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. माझी मान ताठ.

"थांबवा जी थोडं," सासरे म्हणाले. "त्या कोपऱ्यात जावईच होत ना?"

कॉम्प्रेशनचं सगळं शास्त्र असं, की माणसाच्या डोळ्याला जाणवणार नाही ते खुशाल टाकून द्यावं. ते बसवणाऱ्यांनी माझ्या सासऱ्यांचा डोळा तपासलेला नव्हता. जुन्या तंत्रात, तेवढ्याच जागेत, मी कोपऱ्यातला एक मळकट धब्बा झालो असतो आणि इज्जत वाचली असती. इथे डोंगा स्पष्ट, तराजू स्पष्ट, रोहूची शेपटी स्पष्ट आणि माझ्या हातातल्या जांभळ्या नोटा तर मोजण्याइतक्या स्पष्ट. सासऱ्यांनी मोजल्या.

"चार दिल्या?"

"हो," मी म्हणालो.

"महाग पडला जी. आमाले तो दोनशेत देते."

साळा खाली मान घालून हसत होता. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांना उशीर झाला होता, म्हणून सासूबाईंनी पहिल्यापासून लावायला सांगितलं.