विषय : आपणांस कार्यमुक्त करणेबाबत

प्रति,
मा. श्री. कोला (काळे, थंड, फसफसते),
मुक्काम : पानठेल्याचा काचेचा फ्रिज, खालून दुसरा कप्पा, अकोला.

संदर्भ : १) आपली रोजची दुपारी चारची हजेरी.
२) दातांच्या डॉक्टरांचा तोंडी अभिप्राय.
३) घरातील सक्षम प्राधिकाऱ्यांनी जेवणाच्या ताटावर वेळोवेळी दिलेले आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आज मध्यान्हानंतर आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण बंद लिफाफ्यातल्या गोष्टी या कार्यालयात सगळ्यांत आधी फुटतात. आपण नेमक्या कोणत्या कंपनीचे, हे नमूद केलेलं नाही. संवर्ग एकच, गणवेश एकच. एकाला काढून दुसऱ्याला रुजू करून घेण्याची पळवाट मला माहीत आहे, आणि तीच या पत्राने बुजवायची आहे.

प्रथेप्रमाणे आधी सेवापुस्तक तपासलं. आपल्या संवर्गातले सर्वांत ज्येष्ठ, कोका-कोला, यांचा जन्म १८८६चा, अमेरिकेतल्या अटलांटाचा. जॉन पेम्बर्टन नावाच्या औषधविक्रेत्याने हे पेय काढलं आणि ग्लासाला पाच सेंट दराने ते विकलं जाऊ लागलं. पहिली नेमणूक टॉनिकच्या पदावर. डोकेदुखी आणि थकवा घालवण्याची जबाबदारी. ही नोंद वाचून मी चष्मा पुसून घेतला. डोकेदुखी घालवायला आलेले गृहस्थ सोडून जाताना डोकेदुखीच मागे ठेवून जातात, हा प्रकार पुढे यायचा आहे.

दुसरी महत्त्वाची नोंद १९७७ची. दिल्लीत जनता सरकार, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस. परकीय चलन कायद्याखाली भागभांडवल कमी करा आणि पेयाचं गुपित भारतीय कंपनीला द्या, असं सांगितल्यावर कोका-कोलाने गाशा गुंडाळला. देशाने सुटकेचा निःश्वास टाकून ताक प्यायला सुरुवात केली, असं मात्र कुठेही नमूद नाही. सरकारच्याच मॉडर्न फूड कंपनीने ‘डबल सेव्हन’ नावाचा कोला आणला, पार्लेने थम्स अप आणलं, कॅम्पा कोलाही मैदानात होताच. माणूस गेला, पद शिल्लक राहिलं, आणि रिकामं पद कोणी तरी भरणारच. पुढे १९९३मध्ये मूळ गृहस्थ परत आले आणि आपल्या जागी बसलेल्या थम्स अपला पार्लेकडून विकतच घेऊन टाकलं. एखाद्या बदली झालेल्या अधिकाऱ्याने परत येऊन आपल्या जागेवर आलेल्याला स्वतःच्या हाताखाली घ्यावं, तसं.

हा सगळा इतिहास मी उगाच उगाळत नाही. भारत सरकारला जे १९७७ साली जमलं नाही, ते माझ्यासारख्या वरिष्ठ सहायकाला नुसत्या निश्चयावर जमेल, असा माझा दावा नाही. आपल्याला काढणं सोपं आहे. दुपारी चारचं पद कसं हाताळायचं, हा खरा प्रस्ताव आहे. ते पदही मुळात चहाचं होतं. मे महिन्यात पारा ४४च्या वर गेला, कूलरमधलं पाणी संपलं आणि कपातून वाफ येताना बघवेना, तेव्हा ‘उन्हाळ्यापुरती तात्पुरती व्यवस्था’ म्हणून आपण आलात. तात्पुरती व्यवस्था किती वर्षं चालते, हे सरकारी नोकराने कोणाला सांगावं!

आता आपल्यावरील आरोप, थोडक्यात.

एक. आपल्या पोटात दर १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे माझ्या नेहमीच्या ६०० मिलीच्या बाटलीत साठ ग्रॅमच्या वर. चहाचे पंधरा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अशी वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. जमलं तर निम्म्यावर आणा. आपण एका बैठकीत दोन्ही मर्यादा ओलांडता, तेही डबा खाऊन झाल्यावर. पंधरा चमचे साखरेचं सरबत मला कोणी दिलं असतं, तर दुसऱ्या घोटाला पेला खाली ठेवला असता. आपण मात्र आंबटपणा आणि थंडाव्याच्या आड ती साखर सफाईने लपवता. खात्री करायची, तर टेबलावर रात्रभर राहिलेला, फसफस गेलेला उरलेला घोट सकाळी घेऊन पाहावा. निव्वळ पाक.

दोन. आपली आम्लता. आपला सामू अडीचच्या आसपास. दातांवरचं कवच साडेपाचच्या खालीच विरघळू लागतं. एका दमात पिणारा त्यातल्या त्यात बरा. मी नस्तीच्या प्रत्येक पानाला एक घोट अशा शिस्तीने तासभर पीत बसायचो आणि दातांना तासभर आंघोळ घालायचो.

तीन. पचनाबाबत दिशाभूल. लग्नाच्या पंगतीतून उठलेला प्रत्येक काका आपल्याला ‘जड जेवणावरचा उतारा’ म्हणून घेतो आणि ढेकर आली की समाधानाने पोटावरून हात फिरवतो. ती ढेकर पचनाची पोचपावती नसून आपल्याचकडून आलेला वायू आपल्याला साभार परत आहे, एवढंच.

या आरोपांवर आपण दिलेला खुलासा वाचला. ‘आता आम्ही बिनसाखरेचेही येतो’ असं आपण म्हणता. गणवेशावर नवी पट्टी लावून त्याच पदासाठी पुन्हा अर्ज! साखर गेली हे मान्य. आम्ल आणि कॅफीन जागेवरच आहेत. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा बिनसाखरी गोडव्यावर विसंबू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये दिला आहे. शिवाय जिभेला दुपारी चारला अतिगोड हवंच, ही तिची सवय तशीच राहते. दुसरा मुद्दा, ‘आम्हाला सरकारची मान्यता आहे.’ आहे ना! वस्तू व सेवा कराच्या ४० टक्क्यांच्या टप्प्यात आपल्याला सन्मानाने बसवलंय, पानमसाल्याच्या शेजारी. पंगत बघूनही काही माणसं ओळखू येतात.

आता तलफेबद्दल. आपण फ्रिजमध्ये गप्प बसता. आपल्या वतीने भांडायला ती येते.

तीन पन्नासला टिपणीतल्या ओळी सरकू लागतात. जिभेच्या कडेला पाणी सुटतं. बाटली डोळ्यांसमोर नंतर येते, आधी आवाज येतो : झाकणाची प्लास्टिकची कडी तुटल्याचा ‘कट्’, पाठोपाठ ‘फिस्स’. मग घसा पहिल्या घोटाच्या तयारीला लागतो. तो डंख, नाकात चढणारा झणका, डोळ्यांत येणारं पाणी. एव्हाना पाय टेबलाखाली चपला चाचपत असतात आणि हात शर्टाच्या खिशातल्या सुट्या नोटा मोजत असतो. यातलं काहीच मी ठरवलेलं नसतं. पानठेल्यावर पोचलो की बोलावंही लागत नाही. भाऊ दुरूनच फ्रिजचं दार उघडतो. पहिल्या दिवशी मी ‘नको’ म्हटलं, तेव्हा हातात बाटली तशीच धरून तो म्हणाला, “काहून भाऊ, तब्येत बरी नाई का?”

या तलफेशी कुस्ती खेळू नये, असं जाणकार सांगतात. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांचा सल्ला प्रसिद्ध आहे : तलफ लाटेसारखी चढते, माथ्यावर येते आणि आपणहून ओसरते, तिला दाबू नका, तिच्यावर स्वार व्हा. अकोल्याला समुद्र नाही. म्हणून मी शासकीय पद्धत वापरतो. तलफेचा अर्ज नाकारत नाही. त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतो आणि ढिगाच्या तळाशी सरकवतो. नाकारलं की ती अपील करते. प्रलंबित ठेवलं की थोडा वेळ टेबलाशी घुटमळते, घड्याळाकडे बघते आणि निघून जाते. उद्या पुन्हा येते, हे खरं; पण उद्याचा अर्ज उद्याच्या आवकेत.

आपल्याला एका फटक्यात बडतर्फ न करता आधी निलंबित का केलं, असं आपले समर्थक विचारतील. कारण कॅफीन. रोज एक मोठी बाटली, उकाडा असेल तेव्हा दुसरी, आणि चहा बंद, अशा लाभार्थ्याचं कॅफीन अचानक तुटलं की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं. पहिले दोन दिवस सर्वांत वाईट. काहींना आठवडाभर त्रास होतो. सोबत चिडचिड, मरगळ आणि समोरच्या प्रत्येक अभ्यागताविषयी अकारण वैर. निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता द्यावा लागतो, तो अर्ध्या पगाराच्या हिशेबाने. त्याच न्यायाने आपल्याला आधी अर्ध्या बाटलीवर आणलं, मग पेल्यावर, मग तोही एक दिवसाआड. असं उतरत गेलं की डोकं फारशी तक्रार करत नाही. उरलेली अर्धी बाटली शिपाईमामांनी संपवली, त्याची स्वतंत्र चौकशी लावता येईल.

आता मुख्य प्रस्ताव : दुपारी चारच्या पदाचं काय करायचं? आपण एकटे ते पद सांभाळता असं भासवलंत, पण कामाची फोड करून पाहिली तेव्हा त्यात पाच वेगवेगळी कामं निघाली. त्यांचं वाटप पुढीलप्रमाणे करण्यात येत आहे.

डंख मारण्याचं काम साध्या सोड्याकडे. तो डंख साखरेचा नव्हताच. विरघळलेल्या वायूचं तोंडात कार्बॉनिक आम्ल होतं आणि ते वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंना टोचतं. आम्ही माणसं त्या टोचणीला ताजेपणा म्हणतो. गोटी सोड्यात लिंबू पिळलं, काळं मीठ टाकलं, की तीच टोचणी मिळते आणि पंधरा चमचे वाचतात. ‘साखर घालू?’ या प्रश्नाला मात्र वेळेत हरकत नोंदवावी लागते.

जागं ठेवण्याचं काम मूळ पदधारक चहाकडे, अर्ध्या कपात, साखर बेताची. थंड करण्याचं काम माठाकडे, आणि घरून बाटलीत आणलेल्या ताकाकडे. इथे एक सावधगिरी : उसाचा रस, कोकम सरबत, पन्हं ही आपली घरची माणसं म्हणून त्यांना रोजचा कार्यभार देऊ नये. त्यांच्याही पोटात साखर भरपूर. नातेवाइकांची भरती हा गैरव्यवहार इथेही गैरव्यवहारच.

चौथं काम सर्वांत नाजूक : खुर्चीवरून उठण्याचं निमित्त पुरवणं. तहसीलच्या नकलांचे ढीग, फोनवर आवाज चढवणारे सरपंच आणि संगणकावर फिरत राहणारं ते गोल चक्र, यांपासून दहा मिनिटं पळून जायला आपण राजमान्य कारण होतात. ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हटलं की साहेबांच्या भुवया वर जातात. ‘काही थंड घेऊन येतो’ म्हटलं की साहेब स्वतःचंही सांगतात. हे काम कोणालाच सोपवलेलं नाही. मी चारला उठतो, पानठेल्यापर्यंत जातो, भाऊशी क्रिकेट बोलतो, मीठ-सोडा पितो आणि परत येतो. रस्ता तोच, वेळ तीच, फक्त फ्रिजचं दार बंद. रस्ताही बदलून पाहिला होता. तेव्हा पूर्ण वेळ त्या चुकवलेल्या रस्त्याचाच विचार केला.

राहता राहिलं साखरेचं काम. ते पद व्यपगत करण्यात येत आहे.

आपण प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जाल, स्थगिती मागाल, याची कल्पना आहे. आपला भरवसा ‘एकवीस दिवसांत सवय मोडते’ या समजावर असेल. बाविसाव्या दिवशी मी गाफील झालो की आत शिरायचं. तो समज मोडीत निघाला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं; कोणाला १८, कोणाला २५४ दिवसांपर्यंतचा अंदाज. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मुळापासून कोसळत नाही, हेही त्यातच आढळलं. म्हणजे निरोप समारंभात कचोरीशेजारी कागदी पेल्यात आपली भेट झालीच, तर ती सदिच्छा भेट समजावी. पुनर्नियुक्तीचा आदेश समजू नये.

पाहुणचाराच्या आघाडीवर आपण अजून बळकट आहात, हे मान्य करतो. कोणाच्याही घरी गेलं की पाटावर बसायच्या आत प्रश्न येतो, “चहा घेणार की थंड?” आणि उत्तर यायच्या आत पोरगं कोपऱ्यावरच्या दुकानाकडे पळालेलं असतं. ‘पाणीच द्या ताई, माठातलं’ म्हटलं तर ताईंना अपमान वाटतो. तेव्हा एक नवा प्रघात पाडतो आहे : मी स्वतःच आधी ‘चहा’ म्हणतो, मोठ्याने, दारातच, चपला काढताना. नियोजन म्हणतात ते हेच असावं.

सबब, आपण आपला कार्यभार वरीलप्रमाणे हस्तांतरित करून या कार्यालयाची ओळखपत्रं, म्हणजे टेबलाच्या खणातली झाकणं, जमा करावीत. ना-देय प्रमाणपत्र देता येणार नाही. दाताचं देयक अद्याप थकीत आहे.

आपला (यापुढे नसलेला),
वरिष्ठ सहायक,
आस्थापना व तलफ शाखा

प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी सविनय सादर :
१. गृहमंत्री, स्वयंपाकघर. (वरणाच्या पातेल्याशेजारी ठेवावी.)
२. पानठेलेवाले भाऊ. दुरून दार उघडू नये.
३. शिपाईमामा. उरलेल्या अर्ध्या बाटल्यांचा पुरवठा बंद होत आहे. पर्यायी व्यवस्था आपली आपण करावी.
४. निवड नस्ती. (नस्ती बंद करू नये. तलफेकडून पत्रव्यवहार चालू आहे.)