मिठाची पोती आणि व्हेज कोल्हापुरी

देवगिरीचा किल्ला तलवारीने पडला नाही, चुकीच्या ऑर्डरने पडला. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी ध्यानीमनी नसताना येऊन थडकला, तेव्हा रामदेवरायाची मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. राजा गडावर जाऊन बसला. पायथ्याशी कोकणातल्या व्यापाऱ्यांची पोती पडलेली होती, ती घाईघाईने वर चढवली. वेढा पडला, पोटात कावळे ओरडायला लागले, पोती सोडली, तर आत धान्याऐवजी मीठ! इतिहासकार फिरिश्त्याने ही हकिकत लिहून ठेवली आहे. इतिहासाचे प्राध्यापक तिला दैवदुर्विलास म्हणतात. मी संभाजीनगरचा रहिवासी, आल्यागेल्या पाहुण्यांना घेऊन याच किल्ल्याच्या आसपास जेवत आलेला माणूस. मला त्यात नवल वाटत नाही. मागवलं एक आणि आलं भलतंच, हा इथला सातशे वर्षांहून जुना रिवाज आहे. उलट रामदेवरायाला निदान मीठ तरी मिळालं. आम्हाला मिठाची डबी शेजारच्या टेबलावरून उचलून आणावी लागते आणि तिची भोकं बुजलेली असतात.

पाहुण्यांचं असं आहे की, आमच्या गावाला कुणी आमच्यासाठी येत नाही. येतात ते वेरूळ बघायला. आम्ही मुक्कामापुरते. आणि वेरूळच्या वाटेवर, शहरापासून पंधरा किलोमीटरवर दौलताबाद, म्हणजेच जुनं देवगिरी, लागतं, म्हणून 'जाता जाता' किल्लाही होतो. सुमारे साडेसातशे पायऱ्यांचा किल्ला जाता जाता बघणारे लोक मी पुण्याखेरीज कुठे पाहिले नाहीत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे साडू सहकुटुंब आले होते. साडू हे नातंच मोठं नाजूक. भावाशी भांडता येतं, मेव्हण्याची चेष्टा करता येते. साडूशी मात्र आयुष्यभर सौम्य चढाओढ करायची असते, आणि तीही बायकांच्या देखरेखीखाली. त्यातून हे साडू खाण्यातले दर्दी. पुण्यात कुठल्या गल्लीत कुठल्या वारी काय चांगलं मिळतं हे त्यांना पाठ. वर बोलण्याची लकब अशी की, आपण खाल्लेलं सगळं आदल्या दिवसाचं होतं असं वाटावं.

किल्ल्यातल्या अंधारी भुयारातून वटवाघळांच्या वासासकट वर जाऊन, ऑक्टोबरच्या उन्हात बारादरीपर्यंत पोचून, पुन्हा खाली येईपर्यंत दोन वाजले होते. साडूंचा चेहरा वेढ्यातल्या शिबंदीसारखा झालेला. "आता काहीतरी इथलं खाऊ या," ते म्हणाले. "इथलं म्हणजे अगदी इथलं."

मी मनात म्हटलं, झालं.

वेरूळ रस्त्यावरच्या एका हॉटेलात शिरलो. पाटीवर पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन, महाराष्ट्रीयन असा अवघा देश आणि पलीकडचा चीनही मावला होता. पोऱ्याने ओल्या फडक्याने टेबल पुसलं, म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाची आमटी सर्व दिशांना सारखी पसरवली. मग त्याचा वरिष्ठ आला. एका कानात वायर, नजर रस्त्यावरच्या ट्रॅव्हल्सच्या बसवर.

"क्या होना साब?"

साडूंनी मेन्यूकार्ड बाजूला सारलं. "हे बघा, आम्हाला इथली खासियत हवीय."

"सब खासियत है साब."

"येसर आमटी आहे?"

तो थबकला. आत गेला. आत बरीच बोलाचाली ऐकू आली. बाहेर येऊन म्हणाला, "चायनीज में नै है वो."

आता येसर म्हणजे मराठवाड्यातल्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीतली आमटी. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळून ठेवायचे आणि आमटीला लावायचे. या हॉटेलापासून हाकेच्या अंतरावरच्या प्रत्येक घरात, कदाचित त्या वेटरच्याही घरात, ती पूड डब्यात भरून ठेवलेली असणार. पण घरातला पदार्थ हॉटेलात मागायचा म्हणजे देवळात जाऊन पुजाऱ्याकडे चहा मागण्यापैकी आहे. साडूंनी मग पिठलं-भाकरी विचारली. ती ऑर्डरची निघाली, सकाळी फोन करायला हवा होता. धपाटे? भाजीवालीच आज आली नव्हती. धपाट्यांना भाजीवाली कशाला लागते हे मी विचारलं नाही; उपाशी माणसाने तर्कशास्त्राच्या वाटेला जाऊ नये.

शेवटी कार्ड उघडलं. मला या कार्डांबद्दल एक जुना आदर आहे. व्हेज कोल्हापुरी, व्हेज जयपुरी, पनीर पतियाळा, काश्मिरी पुलाव, हैदराबादी बिर्याणी: सगळी संस्थानं सरदार पटेलांनीसुद्धा एवढ्या कमी जागेत विलीन केली नव्हती. फक्त देवगिरीचं नाव नसतं. स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं की या विलीनीकरणाची पद्धतही दिसते. तीन पातेली असतात. एक लाल, एक पांढरं, एक हिरवं. लालमध्ये भाज्या टाकून वर तळलेली मिरची खोचली की कोल्हापूर. मिरची काढून पापडाचा चुरा भुरभुरला की जयपूर. पांढऱ्यात डाळिंबाचे दाणे आणि चेरी पडली की काश्मीर. खुद्द कोल्हापूरच्या माणसाला व्हेज कोल्हापुरी खाऊ घातली तर तो तांबड्या-पांढऱ्याची शपथ घेऊन सांगेल की ही बाई आमच्या गावची नव्हे.

स्वयंपाकघरात याहून खोल डोकावू नये असं माझं मत आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला होता. त्याने इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची तारीफ केली, आणि किल्ल्यातल्या कैदखान्यात मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत, मांजरंच त्यांना भितात, असंही लिहून ठेवलं. अन्न आणि स्वच्छता या दोन्ही रकान्यांत शेरा मारून गेलेला आमच्याकडचा हा पहिला पाहुणा.

ऑर्डर दिली आणि मेव्हणीबाईंना उकडायला लागलं. वेटर म्हणाला, अंदर एसी फॅमिली है. सगळे उठलो, पाण्याच्या बाटल्या, पर्सा, पोरांचे मोबाईल घेऊन आत गेलो. आत एसी होता, चालू नव्हता. पुन्हा बाहेर आलो, तोवर पंख्याखालच्या टेबलावर जालन्याचं एक वऱ्हाड बसलेलं. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली आणि पुढे माघारी नेली, म्हणून इतिहासाने त्याला वेडा ठरवलं. त्याच्याबरोबर मेव्हणी होती का, हे कुणी तपासलेलं नाही.

तुघलकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. साडूंनी ज्याला 'अगदी इथलं' म्हटलं ते याच स्थलांतराबरोबर आलं असं आमच्याकडे सांगतात: नान खलिया. फौजेला एकदम घालायचं जेवण. भट्टीतला जाड, गुबगुबीत, वरून पिवळसर चमक असलेला नान, आणि मटणाचा खलिया, ज्यावर लालभडक तर्री तरंगते. आता शहरात काही ठिकाणी तो रोज मिळतो, पण खरा खावा तो दावतीत. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात खाल्ला होता. जमिनीवर दस्तरखान, समोरासमोर रांगा, आणि पाठीशी उभा राहून "और लो भाई, कुछ खाया नै तुम" म्हणणारा मुलीचा मामा. नानचा तुकडा तर्रीत बुडवला की तो रस्सा पितो, जड होतो, आणि तोंडापर्यंत नेताना मनगटावरून एक ओघळ कोपराकडे निघतो. तो ओघळ थांबवायचा की घास वाचवायचा, याचा निर्णय प्रत्येकाला आपापला घ्यावा लागतो. शर्ट घरी आणल्यावर बायकोने माझा निर्णय काय होता ते ओळखलं.

दावत काय आणि आपली पंगत काय, तिथल्या वाढप्यांचा आणि हॉटेलातल्या वेटरचा वंश वेगळा. वाढपी नको म्हटलं की येतो, वेटर हवा असला की जातो. वाढप्याला आपण हात आडवा धरून अडवतो, वेटरला हात उभा करून बोलावतो. दोघेही हाताकडे बघत नाहीत, एवढंच साम्य.

साडूंना हे सगळं मी रंगवून सांगितलं, ही जरा चूकच की काय असं मेव्हणीबाईंच्या नजरेवरून वाटलं, कारण त्यांच्या घरी संकष्टी-एकादशीसकट कडक शाकाहार आहे. साडूंनी आवंढा गिळला. त्याच वेळी व्हेज कोल्हापुरीच्या जागी काजू करी आली. गोड होती. वेटर म्हणाला, "वोईच है साब, तीखा कम किया, बच्चे हैं ना." एवढा समंजस खुलासा ऐकून तक्रार करणारा माणूस मला माणूसघाणाच म्हणावा लागेल. आम्ही खाल्ली. रोट्या एकेक करून, वर्तमानपत्रातल्या क्रमशः कादंबरीसारख्या येत राहिल्या. भाजी असताना रोटी नसे, रोटी आली की भाजी संपलेली असे.

आणि या सगळ्या दिरंगाईत एकच गोष्ट वेळेच्या आधी आली. बिल. साडूंच्या हातात शेवटचा घास होता, ताटलीत अर्धी रोटी होती, आणि समोर बडीशेपेच्या वाटीखाली दाबलेला कागद फडफडत होता. दाराशी दुसरी बस लागली होती. अशा वेळी मला किल्ल्यातला चिनी महाल आठवतो. निळ्या फरशांच्या त्या इमारतीत गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह कैदेत होता. १६८७ साली गोवळकोंडा पडला, मुघल सरदार त्याला धरायला तिथल्या महालात शिरले, तेव्हा स्वारी शांतपणे न्याहारीला बसलेली. त्याने सरदारांनाही बसायचा आग्रह केला, सावकाश खाणं उरकलं आणि मग निघाला. राज्य गेलं, पण कुणी त्याला ताटावरून उठवू शकलं नाही. मी साडूंना ही गोष्ट सांगितली. ते खुर्चीत मागे रेलले, म्हणाले, "मग आता ताक मागवा." ताक संपलं होतं.

बिलात सेवाशुल्क नव्हतं, हे नमूद केलं पाहिजे. या बाबतीत रस्त्यावरची हॉटेलं प्रामाणिक. सेवा नाही, शुल्क नाही. शहरातल्या बड्या ठिकाणी मात्र ही भानगड बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात बसलेली असायची. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हॉटेलांनी ते आपणहून लावायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. तेव्हापासून अशा ठिकाणी सेवा फार वाढली आहे. दर दुसऱ्या घासाला एक मुलगा येऊन "सर, एव्हरीथिंग ओके?" विचारतो आणि तोंडात घास असल्याने आपल्याला नेहमीच ओके म्हणावं लागतं. जालना रोडवरच्या अशाच एका मंद दिव्यांच्या ठिकाणी मी 'मिलेट बाऊल' नावाचा पदार्थ खाल्ला. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, त्याचा हा प्रसाद. दिवे मंद असल्याने ओळखायला वेळ लागला, पण ती ज्वारीच होती. आमच्या आजीने जन्मभर चुलीपुढे बसून हा पदार्थ बाऊलशिवाय फुकट वाढला आणि वर आमची बोलणी खाल्ली.

त्यापेक्षा गुलमंडीवर उभ्या उभ्या इम्रती खावी. तिथे खुर्ची नाही म्हणून टेबल बदलायचा प्रश्न नाही, मेन्यू नाही म्हणून चूक होत नाही, आणि कागदाच्या पुड्यातून पाक गळायच्या आत संपवायची असल्याने कुणी कुणाला "एव्हरीथिंग ओके?" विचारत नाही. पण हे मला साडूंना त्या दिवशी सांगता येईना. एव्हाना त्यांच्या मनात आमच्या शहराची प्रतिमा तयार झालेली होती.

पैसे देऊन निघालो. थोडं पुढे रस्त्याच्या कडेला सीताफळवाल्या बायका बसलेल्या. दौलताबादच्या डोंगरउतारावरची सीताफळं. टोपल्यांत पाला घालून, वर उतरंड रचलेली. साडूंनी गाडी थांबवायला लावली आणि पुण्याच्या सवयीप्रमाणे आधी भाव पाडून मागितला. बाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी उलट विचारलं, "आज खायची का उद्याची?"

साडू गोंधळले. दिवसभरात त्यांना कुणी असं काही विचारलं नव्हतं.

"काही आज, काही उद्या," मेव्हणीबाई म्हणाल्या.

बाईंनी हात फिरवला. डोळे पुरते उघडून फिकट पिवळे पडलेले, बोटाला मऊ लागणारे, ते आजचे, एका पुड्यात. डोळ्यांच्या कडा नुसत्या पांढुरक्या झालेले उद्याचे. दुसऱ्या पुड्यात, खाली पाला. एक फळ त्यांनी उचललं, अंगठ्याने दाबलं आणि नाक मुरडून मागे टाकलं. ते आमच्या लायकीचं नव्हतं की आम्ही त्याच्या, कळलं नाही. मग "उभ्यानं काय खाता, बसा की" म्हणून गोणपाट पुढे सरकवलं, बिया टाकायला पानं दिली आणि पोरांचे हात धुवायला कळशी कलती केली. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसलो आणि पोटभर खाल्लं. साडू पहिल्यांदाच गप्प होते.

उठताना त्यांनी ठरल्या पैशांवर वीस रुपये जास्त ठेवले. आम्ही गाडीत बसतो न बसतो तोच बाईंनी हाक मारली. पैसे जास्त आलेत. साडू म्हणाले, असू द्या, तुम्हाला ठेवा. बाईंना ते पटलं नाही. त्यांनी टोपलीतून आणखी दोन सीताफळं उचलून खिडकीतून त्यांच्या मांडीवर टाकली.

साडूंनी दाबून पाहिली. दगडासारखी होती. "अहो, ही कच्ची आहेत."

"परवाची हायेत ती."

"परवा आम्ही पुण्यात असू."

"मग पुण्यात खा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडे वळल्या.