वाढत्या आंगाचा अर्थसंकल्प

देशाचा अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला मांडतात. आमच्या घरचा मृग लागला की मांडला जायचा, सपरीतल्या बंगईवर, आणि तो मांडायची मोठी आई. वडिलांच्या थोरल्या भावाची बायको म्हणून ती मोठी आई. अंगानं म्हणाल तर कमरेच्या किल्ल्यांसकट पंचेचाळीस किलो भरली नसती. घरात चार भाऊ, चार जावा, आजी आणि आम्ही अकरा पोट्टे. दारव्हा तालुक्यातली काळी जमीन आणि सगळी भिस्त कपाशीवर. मोठ्या आईचं भाषण दरवर्षी एकाच वाक्याचं असे. "पयले बियाणं, मंग खत, मंग पोट्टे." त्यावर चर्चा नाही, मतदान नाही. मोठे बाबा "बराबर आहे" म्हणत आणि तंबाखू मळायला घेत.

आता यात अडचण अशी की विदर्भात उन्हापायी शाळा उशिरा उघडतात, 26 जूनच्या आसपास. म्हणजे पेरणी आणि पाटी एकाच पंधरवड्यात. बियाणाला थांब म्हणता येत नाही, पावसाला तर नाहीच. थांबायला उरतो तो पोट्टा. त्यामुळे जुलै अर्धा सरेपर्यंत आम्ही मागच्या वर्षीच्या चड्डीत शाळेत जायचो आणि मास्तरही काही बोलायचे नाहीत, कारण त्यांच्या घरचीही शेती होती.

घरात पैसा यायचा वर्षातून एकदा, आणि तोही एकदम यायचा नाही. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारी खरेदीलाच घालायचा, व्यापाऱ्याला नाही. थंडीत संकलन केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागे. बाबा भाकरी, मिरचीचा ठेचा आणि दुपटं घेऊन रांगेत जात आणि आपला नंबर लागला की ग्रेडरसमोर उभे राहत. आमच्या घरचा खरा अर्थमंत्री हा ग्रेडर. त्यानं मूठभर कापूस उचलायचा, बोटांनी ओढून धागा बघायचा, आणि नुसतं नाक मुरडलं की नंदीचा फ्रॉक गेला. भुवई उडाली तर गजूचे बूट गेले. बाबा घरी येऊन कापसाची प्रत सांगत आणि मोठी आई मनातल्या मनात एकेका पोट्ट्याच्या नावावर काट मारी. मग चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा, आणि पहिला हप्ता येईपर्यंत किराणावाला, खतवाला आणि कापडवाला सेठजी तिघंही त्याच्यावर नाव लिहून बसलेले असत.

पलीकडे आंध्रात भाव चढला की पाटणबोरीवरून रात्री गाड्या आदिलाबादकडे जातात, असं सगळा जिल्हा म्हणे. आमची आत्या पांढरकवड्याची. एका दिवाळीला आतेभाऊ कडक इस्त्रीच्या नव्या कपड्यांत आले. कुठून आले म्हणून विचारलं तर आत्या म्हणाली, "देवाची कृपा." देव आदिलाबादकडचा असावा.

दिवाळीचे कपडे आणायला मोठी आई आणि मोठे बाबा शकुंतलेनं दारव्ह्याला जात. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी तेव्हा चालू होती. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायचं, असं तिच्याबद्दल बोलत. पण तिकीट एसटीपेक्षा स्वस्त होतं आणि मोठ्या आईच्या हिशेबात वेळेला पैसे पडत नसत. सेठजीच्या दुकानात ती गादीवर मांडी घालून बसे आणि एकच प्रश्न विचारी. "फाटत नाई असं काय आहे?"

घरात गळ्यापर्यंत कापूस. सपरीत कापूस, कोठीत कापूस, पाहुणा आला तर तो कापसावरच झोपायचा, आणि आमच्या अंगावर मात्र टेरिकॉट. सुती कापड झिजतं, विरतं, कोपरावर फाटतं. टेरिकॉटला मरण नाही. आमच्या शेतातला कापूस सूत होऊन कुठल्या गिरणीत जातो ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पण तो आमच्या घरात परत यायचा नाही एवढं मोठ्या आईनं पक्कं केलं होतं.

या टेरिकॉटपायी खालच्या पोट्ट्यांचं वाटोळं झालं. मी अकरात सातवा. सुती शर्ट असता तर तिसऱ्या-चौथ्यापाशी फाटून गेला असता आणि मला नवा मिळाला असता. पण हिरव्या चौकडीचा एक टेरिकॉटचा शर्ट होता, तो सुधादादासाठी शिवला, तिथून विजूवर आला, विजूवरून बबनवर, मग माझ्यावर, आणि माझ्यानंतरही दोघांनी घातला. घरातल्या जुन्या फोटोंचा अल्बम काढला तर दर लग्नात, दर बारशात पहिल्या रांगेत तो शर्ट बसलेला दिसतो. वरची तोंडं बदलत गेली. एका फोटोत मी आहे की बबन, यावरून आमच्यात अजून वाद आहे, आणि शर्टावरून तो सुटत नाही.

नवीन शिवायचं ते एका ताग्यातून. तागा आणला की टेलर मास्तरला निरोप जाई आणि तो सायकलच्या कॅरियरवर मशीन बांधून घरी येई. सपरीत आम्ही उंचीप्रमाणे ओळीनं उभे. त्याच्या गळ्यातल्या टेपाचे पहिले दोन इंच झिजून तुटून गेले होते. त्यामुळे तो टेप लावायचा तुटक्या टोकापासून आणि आकडा वाचायचा छापलेला. छाती बावीस भरली की तो चोवीस सांगे. एकदा माझ्या लहान काकांनी, जे बी. कॉम.ला होते, ही चूक मास्तरच्या लक्षात आणून दिली. मास्तर खजील होऊन नवा टेप घेतो म्हणाला. मोठी आई आतून धावत आली. "काऊन नवा घेता मास्तर? हाच चांगला आहे. वाढत्या आंगाचं माप बराबर देते." काकांना त्यानंतर घरच्या हिशेबात बोलू दिलं नाही.

त्यातही सगळ्यांची मापं घेण्यात दिवस घालवायचा नाही. सुधादादाचं पूर्ण माप घ्यायचं, बाकी नुसतं बघून, "याले चार बोटं कमी," "हा खातो जास्त, याले घेर सोड." खाली चांगली वितभर दुमड. दरवर्षी दुमडीचा एक पदर उसवायचा, त्यामुळे पॅन्टीच्या तळाशी आतलं न वापरलेलं गडद कापड दिसे आणि त्या पट्ट्या मोजून कोणत्या पोट्ट्याची पॅन्ट किती वर्षांची ते कोणालाही सांगता येई.

एका ताग्याचा तोटा कळला तो कळंबला, चिंतामणीच्या यात्रेत. लहानगा राजू गर्दीत हरवला. मोठ्या बाबांनी भोंग्यावर सांगायला लावलं की निळ्या कपड्यावर पिवळी फुलं असलेला मुलगा सापडल्यास मंदिरापाशी आणून द्यावा. लोकांनी इमानदारीनं एकामागून एक आमचे सहा पोट्टे आणून दिले, त्यात मला दोनदा. राजू शेवटी जिलेबीच्या दुकानात सापडला. त्याच्या अंगात बनियन होतं, कारण त्याच्या वाट्याला कापडच उरलं नव्हतं.

बाकीचा घरखर्च सांगण्यासारखा नाही. 501 साबणाचा बार सुतानं कापून त्याच्या वड्या, वहीच्या उरलेल्या पानांची शिवून नवी वही, आणि कालनिर्णयच्या पानांवर दुधाचा हिशेब. फक्त एका ठिकाणी आमचं घर गावात सगळ्यात श्रीमंत होतं, ते म्हणजे कंट्रोलच्या दुकानात. तिथे डोकी मोजून माल मिळे. साखर महिन्याला माणशी 425 ग्रॅम. आमच्या कार्डावर वीस माणसं, म्हणजे साडेआठ किलो. चौकोनी कुटुंबवाले ग्रामसेवक दीड-पावणेदोन किलो पिशवीत घेऊन आमच्या पोत्याकडे बघत उभे राहत. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण त्यांच्याच कचेरीच्या भिंतीवर रंगवलेला होता. मोठी आई त्यांच्या बायकोला पाहुणे आले की वाटीनं साखर देई आणि बदल्यात त्यांच्या एकुलत्या मुलीचे आखूड झालेले फ्रॉक आणी. त्या मुलीला दर दिवाळीला दोन नवीन फ्रॉक मिळत. आमच्या नंदीला तिचे दोन्ही मिळत, एक वर्ष उशिरा. दोन्ही सुती, इस्त्रीचे, शहरातून आणलेले. घरात एकटी नंदीच काय ती फॅशनमध्ये होती.

मोठ्या आईची आठवण मला परवा सरकारनं करून दिली. 2024 साली राज्यानं घाट घातला की सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या लाखो मुलांचा गणवेश एकसारखा, कापड मध्यवर्ती खरेदीचं, शिलाई महिला बचत गटांची, एका जोडाला 110 रुपये. म्हणजे तागा एक, पोट्टे लाखो. पावसाळा सरत आला तरी बऱ्याच शाळांत गणवेश पोचले नव्हते आणि पोचले तिथे कोणाचं खांद्यावरून घसरत होतं, कोणाचं बटण लागत नव्हतं. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनं निर्णय फिरवला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. आमच्याकडे गणवेश मिळालेला एक पुतण्या आहे. त्याची पॅन्ट बघून नव्वदीला टेकलेली मोठी आई म्हणाली, "कापड चांगलं आहे. पण माप घेणारा पोट्ट्याच्या समोर नव्हता." माझ्या मते या योजनेवरचा एवढा नेमका लेखापरीक्षण अहवाल विधिमंडळातही मांडला गेला नसेल.

आता मी यवतमाळात राहतो. मुलं दोन, पगार महिन्याच्या महिन्याला, ग्रेडर नाही. आणि कपड्यांचा खर्च त्या अकरा जणांच्या वरताण. वाढत्या अंगाचं घ्यायचं म्हटलं की पोरगा म्हणतो, "बाबा, फिटिंगचं पाहिजे." फिटिंगचं म्हणजे जे आज बसतं आणि दिवाळीला बसत नाही. धाकट्याला थोरल्याचं चालत नाही, कारण दोघांचे आवडते क्रिकेट संघ वेगळे. आमच्या गावाबाहेर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिमचं कापड तयार होतं. म्हणजे कापूस आमचा आणि जीनचं कापडही आमच्या उशाशी. तरी जीन घ्यायची तर मोबाइलवर बोट फिरवायचं आणि ती दुसऱ्या राज्यातल्या गोदामातून येते.

सुट्टीत मुलांना गावी नेलं. थोरल्याच्या अंगावरच्या जीनची किंमत मोठ्या आईनं विचारली. सोळाशे, मी म्हणालो. तिला रुपये आता कळत नाहीत, म्हणजे कळतात, पण ती ते किलोत बदलून घेते. "कापूस काय भाव?" 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये होता, व्यापारी देईल तो निराळा. किलोला 81 धरा. तिनं डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजलं. "वीस किलो," ती म्हणाली. "हा पोट्टा वीस किलो कापूस घालून हिंडून राहिला?"

मी घरी येऊन कागद घेऊन बसलो. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण 34 किलो, बाकी सरकी. लहान मुलाचा सुती शर्ट असतो दीडएकशे ग्रॅमचा. कताई-विणाईतली घट धरली तरी क्विंटलात दोनशे शर्ट बसावेत. शर्ट चारशेला धरला तर झाले 80,000 रुपये, आणि ज्याच्या शेतातून निघालं त्याच्या हाती 8,110. सरकी आणि तिचं तेल वेगळं, तेही त्याचं नाही. मधले बहात्तर हजार जिनिंगवाला, गिरणीवाला, शिवणारा, वाहतूकवाला, दुकानदार आणि जाहिरातीतला हसरा मुलगा यांत वाटले जातात. त्यांनाही पोट्टे असणारच. पण कापूस विकून आपल्याच कापसाचा शर्ट दहापट भावानं परत घेणाऱ्या घराचा अर्थसंकल्प जुळायचा कसा, हे देशातल्या कुठल्याही अर्थमंत्र्यानं सपरीत येऊन सांगावं. 2025 च्या ऑगस्टात बाहेरच्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरीपर्यंत काढून टाकलं आणि पुढच्या महिन्यात अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर 5 टक्के जीएसटी ठरला. एका हातानं शर्ट स्वस्त केला, दुसऱ्या हातानं शर्ट घेणारा. मोठी आई टेरिकॉट का घेत होती ते मला कागदावर कळायला पन्नाशी उलटावी लागली. तिला ते सेठजीच्या गादीवर बसल्या बसल्या कळत होतं.

तर आता दिवाळीच्या खरेदीला निघालात की पावतीवरचा शेवटचा आकडा 81 नं भागून बघा. उत्तर किलोत येईल. भागाकार मात्र घरी येऊन करा, दुकानात नको. मागं रांग असते, आणि बायको सोबत असते.