पाहुणे

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे पाहुणे म्हणतात. खरं नाव पगाराच्या स्लिपवर आहे, पण ते कोणी वापरत नाही. गेटवरचे सिक्युरिटीचे मामासुद्धा "काय पाहुणे, आज लवकर?" असंच विचारतात. अकरा वर्षांपूर्वी हिंजवडीच्या फेज तीनमध्ये रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात टपरीवर कटिंग घेता घेता त्यांनी जाहीर केलं होतं, "इथं आपण फार दिवस नाही." तेव्हापासून ते निघालेलेच आहेत. त्यांच्या डेस्कवर गणपती नाही, पोरांची चित्रं नाहीत, मनीप्लांट नाही. जे काही आहे ते एका पिशवीत मावेल इतकंच, उगाच ऐन वेळी घोळ नको म्हणून. दरम्यान त्यांचे चार मॅनेजर गेले, कँटीनचा ठेकेदार गेला, त्यांना कामावर घेणारी एचआरची बाई गेली. या प्रत्येकाच्या निरोप समारंभाची वर्गणी पाहुण्यांनीच गोळा केली.

अकराच्या सुमाराला त्यांचा फोन थरथरतो. पाहुणे लॅपटॉपचं झाकण अर्धवट लावतात, "बँकेचा दिसतोय" असं कोणीही न विचारता सांगतात आणि आगीच्या जिन्याकडे जातात. जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे त्यांची पगाराची अपेक्षा चौथ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. मॅनेजरला ती सर्वांत आधी कळते, कारण तोही एक मजला खाली स्वतःचा फोन कानाला लावून उभा असतो.

फोन करणाऱ्यांबद्दल पाहुण्यांचा राग नसतो, अभ्यास असतो. नोएडाहून बोलणारा मुलगा 'जावा' आणि 'जावास्क्रिप्ट' हे सख्खे भाऊ समजतो, तरी ते त्याला शांतपणे समजावतात. दर सोमवारी सकाळी ते नोकरीच्या पोर्टलवर आपल्या बायोडेटातला एक पूर्णविराम काढतात आणि पुढच्या सोमवारी परत देतात, कारण ज्याची प्रोफाइल ताजी, तो शोधात वर दिसतो. हा पूर्णविराम त्यांच्या साप्ताहिक व्रतासारखा आहे. एकदा चुकला तर आठवडाभर त्यांना करमत नाही.

नवीन पोरं सल्ल्याला त्यांच्याकडेच जातात. "तो एवढा गोड का बोलतोय माहितीये का?" पाहुणे टपरीच्या बाकावर बसून सांगतात. "तू लागलास की त्याच्या एजन्सीला तुझ्या वर्षाच्या पगाराचे साधारण ८.३३ टक्के मिळतात. म्हणजे एका महिन्याचा पगार. आणि तीन महिन्यांच्या आत तू पळालास तर बहुतेक करारांत दुसरा माणूस फुकट द्यावा लागतो. म्हणून नव्वद दिवस तो तुझ्या तब्येतीची चौकशी करेल. एक्क्याण्णवव्या दिवशी फोन करून बघ, उचलतो का ते." मग पुढचा धडा: सध्याचा पगार आधी सांगायचा नाही, त्यांचं बजेट विचारायचं. सीटीसीचा आकडा बघून हुरळायचं नाही. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, मिळालाच तर मिळेल असा व्हेरिएबल असतो, विम्याचा हप्ता असतो, आणि बेसिकच्या ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटीही धरलेली असते, जी कायम नोकरीत पाच वर्षं भरायच्या आत सोडलं तर हाती लागत नाही. "ऑफर लेटरवर सही झाल्याशिवाय साहेबाकडे तोंड उघडायचं नाही. आणि उघडल्यावर साहेब पगार वाढवून थांब म्हणाला, तर थांबायचं नाही. थांबलेल्या माणसाकडे तो नंतर वेगळ्या नजरेने बघतो."

सल्ला चोख असतो, हे मान्य केलं पाहिजे. तो ऐकून गेलेली पोरं आज बाणेरला फ्लॅट घेऊन बसली आहेत आणि त्यांतली दोघं पाहुण्यांच्या वरच्या पदावर आहेत. मग पाहुणे स्वतः का जात नाहीत? जाणार आहेत, फक्त मुहूर्त लागत नाही. एप्रिलात पगारवाढीचं पत्र यायचं असतं. ते हातात आल्याशिवाय हलणं म्हणजे मूर्खपणा, कारण नवी कंपनी जुन्या आकड्यावर टक्के चढवते. पत्र येईतो जून उजाडतो आणि जूनमध्ये पोरांच्या शाळा. मग गणपती. गणपतीनंतर पितृपंधरवडा, त्यात कोण शहाणा माणूस राजीनामा टाकतो? नवरात्रात टाकावा, तर नोटीस नव्वद दिवसांची, म्हणजे दिवाळी नोटिशीत जाणार आणि बोनस हातचा निसटणार. जानेवारीत गेलं तर एका आर्थिक वर्षात दोन फॉर्म सोळा, त्यांचा गुंता कोण सोडवत बसणार? आणि मार्चपर्यंत थांबलोच आहोत, तर एप्रिलचं पत्र घेऊनच जाऊ.

२०२१-२२ साली बाजार पेटला होता. काल शिकून आलेली पोरं एक ऑफर दाखवून दुसरी आणि दुसरी दाखवून तिसरी मिळवत होती. नोटिशीचे नव्वद दिवस म्हणजे खरेदीचा हंगाम झाला होता. पाहुणे म्हणाले, "थांबा, अजून चढेल." २०२३ साली बाजार बसला. तेव्हा ते म्हणाले, "बघा, आता हलण्यात शहाणपण नाही." दोन्ही वेळा त्यांच्या चेहऱ्यावर सारखंच समाधान होतं.

एक ऑफर मात्र अगदी दाराशी आली होती. चाळीस टक्के वाढ, जॉइनिंग बोनस, सगळं. पण ऑफिस खराडीला. पाहुणे वाकडला राहतात. एका मंगळवारी खोटी रजा टाकून ते गाडी काढून खराडीचा रस्ता बघून आले आणि संध्याकाळी नम्र नकार कळवला. वाकडहून फेज तीनच्या आठ-दहा किलोमीटरलाही रोज तास लागतो, हे आम्ही बोलून दाखवलं. पाहुणे म्हणाले, "हो, पण तो तास ओळखीचा आहे."

या साऱ्या काळात बेंगळुरूहून एक मुलगी त्यांना नेमाने फोन करायची. पहिल्यांदा बोलली तेव्हा नवखी होती. समोरच्या कागदावरचं वाचून "सर, आर यू लुकिंग फॉर अ चेंज?" विचारायची आणि उत्तराआधीच पुढच्या प्रश्नावर जायची. दीड-दोन वर्षांनी फोन यायचा तो नव्या एजन्सीच्या नावाने. पाहुणे तिला नोटीस कशी वाटाघाटीने कमी करायची ते सांगत. ती ऐकायची आणि पुढच्या वेळी आणखी वरच्या हुद्द्यावरून फोन करायची. गेल्या दिवाळीत तिने विचारलं, "सर, तुमच्याच कंपनीत टॅलेंट अ‍ॅक्विझिशनची जागा निघालीये ना?" पाहुण्यांनी तिचं नाव पुढे केलं, ती लागली, आणि तिच्या रेफरल बोनसचा पहिला हप्ता त्यांच्या खात्यात जमाही झाला.

आल्या आल्या तिच्यावर पहिली कामगिरी पडली, ती कोण कोण सोडून जाण्याची शक्यता आहे त्यांची यादी करण्याची. असल्या याद्या गुप्त असतात, म्हणून दुपारपर्यंत सगळ्यांना कळली. तेवीस नावं होती. नुकतीच प्रोबेशन संपलेली पोरं होती, आमचा मॅनेजर होता, पाहुण्यांचं नाव नव्हतं.

पाहुणे जेवले नाहीत. तडक तिच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "काहीतरी नजरचूक झालेली दिसते."

"नाही सर," ती अदबीने म्हणाली, "तुमची फाइल माझ्याकडे सात वर्षांपासून आहे."

त्या संध्याकाळी पाहुण्यांनी, सोमवार नसतानाही, पूर्णविराम काढला. राजीनाम्याचा मेलही लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला आहे, आम्हाला वाचून दाखवला, इंग्रजी झकास आहे. फक्त रेफरलचा दुसरा हप्ता मार्चअखेर जमा होणार आहे, आणि त्याआधी राजीनामा टाकला तर तो मिळत नाही.