काठीला टोपरं

नाचता येईना अंगण वाकडे, असं आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो. पण लोकांना अंगण सरळ करून द्यायचा धंदा काढावा, हे काही आपल्याला सुचलं नाही. सुचलं ते अमेरिकेतल्या लोकांना. व्हिडिओ गेममध्ये बंदूक चालवणाऱ्या मंडळींचा नेम चुकतो, हे त्यांनी हेरलं. नेम चुकलेला माणूस आधी हातातल्या वस्तूकडे संशयाने बघतो, हेही हेरलं. मग कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायच्या ज्या दोन बुटक्या काठ्या असतात, त्यांच्या डोक्यावर चढवायची प्लॅस्टिक-रबराची टोपी पंधरा-वीस डॉलरना बाजारात आली. कंट्रोलफ्रीक नावाच्या कंपनीने यात नाव कमावलं आणि तिच्या मागोमाग इतरांनीही दुकानं थाटली. आता आपल्याकडे ऑनलाइन शोधलं तर शे-दोनशे रुपयांत मांजराच्या पंजाच्या आकाराच्या टोप्याही मिळतात. गेमर लोक या वस्तूला थंबग्रिप, फ्रीक असं काय काय म्हणतात. मी टोपरं म्हणतो.

टोपऱ्यांत बुटकं, मध्यम आणि उंच अशा जाती आहेत. काही वरून घुमटासारखी फुगीर, काही वाटीसारखी खोलगट. जाणकारांचा सल्ला असा, की डाव्या काठीने चालायचं असतं म्हणून तिथे बुटकं घाला आणि उजवीने नेम धरायचा असतो म्हणून तिथे उंच. शिवाय रंग आहेत, नक्षी आहे, अमक्या खेळाची खास आवृत्ती आहे. माझ्या भाच्याच्या टेबलाच्या खणात अशा टोपऱ्यांचा एक डबा आहे. भाचा अकरावीत आहे. त्याच खणात रसायनशास्त्राचं पुस्तकही आहे, पण ते डब्याखाली.

आता हे सगळं थोतांड आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं, तर सदर लिहिणं सोपं झालं असतं. पण तसं नाही. यामागे शाळेत शिकलेली भूमिती आहे. काठी मुळाशी ठरावीक कोनातच कलते आणि आतला सेन्सर तेवढा कोनच मोजतो. समजा, मुळापासून टोकापर्यंत ती दोन सेंटिमीटर आहे आणि तिच्यावर एक सेंटिमीटरचं टोपरं चढवलं. कोन तोच राहिला, पण टोकावरच्या अंगठ्याला तो कापायला दीडपट अंतर चालावं लागतं. म्हणजे अंगठा जेवढा हलेल, त्या मानाने बंदूक कमी हलते. लांबवरच्या खिडकीत दडलेल्या शत्रूच्या डोक्यावर पडद्यावरची नेमाची रेघ आणायची असेल तर ही बारीक हालचाल उपयोगाची, यात शंका नाही. शिवाय मूळ रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर अंगठा घसरायचा थांबतो, हा फायदा वेगळाच.

गंमत इथून पुढे आहे. भाच्याने उंच टोपरं चढवलं, दोन सामने खेळला आणि म्हणाला, "मामा, एम एकदम स्मूथ झालाय, पण वळायला फार स्लो वाटतंय." मग तो सेटिंगमध्ये गेला आणि सेन्सिटिव्हिटी वाढवली. म्हणजे अंगठा तेवढाच हलवून बंदूक पुन्हा जास्त हलणार. टोपऱ्याने जे बारीक केलं होतं ते सेटिंगने पुन्हा ढोबळ केलं. मी त्याला भूमिती समजावून सांगायला लागलो, तेव्हा त्याने हेडफोन कानावर चढवले.

उंच टोपऱ्याचा आणखी एक गुण मी त्याच्या खांद्यावरून बघितला. कॉल ऑफ ड्यूटीत उजवी काठी खाली दाबली की सैनिक चाकू चालवतो. काठी उंच झाली की अंगठ्याचा जोर वरून तिरका पडतो. भाचा श्वास रोखून दूरच्या गच्चीवरच्या स्नायपरवर नेम धरत होता. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. रेघ डोक्याच्या अगदी जवळ आली, त्याने जिवाच्या आकांताने अंगठा रेटला, टक् असा आवाज आला आणि आपल्या सैनिकाने समोरच्या हवेत मोठ्या त्वेषाने चाकू खुपसला. स्नायपरने अर्थातच असं सौजन्य दाखवलं नाही.

लांब काठी आवरायला उपाय आहे आणि तोही विकत मिळतो. काठीच्या मानेभोवती घालायच्या फोमच्या कड्या येतात. मऊ, मध्यम, कडक. कडी घातली की काठी कडेला न्यायला जोर लागतो आणि अंगठा उगाच भरकटत नाही. म्हणजे काठी आधी पैसे देऊन लांब करायची आणि मग पुन्हा पैसे देऊन तिचा तोल आवरायचा. आमच्या चाळीतल्या कॅरम क्लबात असा एक गडी असे. खिशातून स्वतःचा स्ट्रायकर काढून तो शर्टाला पुसणार, बोर्डावर बोरिक पावडर चिमटीने चौफेर उधळणार, खुर्ची पुढेमागे करणार, दिव्याचा कोन तपासणार आणि मग स्ट्रायकरच पॉकेटात घालून ड्यू देणार. फरक इतकाच, की त्याच्या स्ट्रायकरची जाहिरात करून कोणी यूट्यूबवर सवलतीचा कोड वाटत नव्हतं.

खरं दुखणं काठीच्या उंचीत नाहीच. माउस हाताची जागा सांगतो. तुम्ही तो जेवढा सरकवाल, तेवढीच नजर सरकते, आणि हात थांबला की तीही थांबते. काठी जागा सांगत नाही, वेग सांगते. ती थोडी कलली की नजर हळू वळते, जास्त कलली की भरभर, आणि थांबायचं असेल तर काठी पुन्हा मधोमध आणावी लागते. म्हणजे शत्रूवर पोचण्याआधीच परतीचा हिशेब करायचा, आणि तोही अंगठ्याने. माणसाने अंगठ्याने आजवर गाठी मारल्या, नाणी उडवली, कागदपत्रांवर ठसे उमटवले. तीस फुटांवरून धावणाऱ्या माणसाचं डोकं टिपण्याची जबाबदारी त्याच्यावर आली ती अगदी अलीकडे.

सोनीचा दोन काठ्यांचा ड्युअलशॉक 1997 साली जपानमध्ये आला. त्यानंतर 2000 साली प्लेस्टेशनवर 'एलियन रेझरेक्शन' नावाचा खेळ आला. त्यात डाव्या काठीने चालायचं आणि उजवीने बघायचं होतं. आज जगभर हेच चालतं, पण त्या वेळी एका समीक्षकाने लिहून टाकलं होतं, की या खेळात राक्षसांपेक्षा नियंत्रणाचीच भीती जास्त वाटते. पुढच्याच वर्षी एक्सबॉक्सवर 'हेलो' आला आणि तीच पद्धत सगळ्यांना इतकी अंगवळणी पडली, की समीक्षक आता बंदुकांच्या रंगांबद्दल तक्रार करतात. काठीने माणसाला त्याआधीही छळलं आहेच. निन्टेन्डोच्या 'मारिओ पार्टी'त काठी इतकी गरगर फिरवावी लागे की पोरांच्या तळहातांना फोड आले, प्रकरण न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयापर्यंत गेलं आणि 2000 साली कंपनीने हातमोजे द्यायचं कबूल केलं. तेव्हा निदान ते कंपनीच्या खर्चाने आले होते.

आपल्याकडच्या बहुतेक पोरांना या काठ्या परवडत नाहीत. ती मोबाइलवर खेळतात. पण टोपरं तिथेही पोचलं आहे. पुण्यातल्या कुठल्याही अमृततुल्यात संध्याकाळी जा, एखाद्या टेबलावर बीजीएमआय खेळणारी चारजणांची टोळी बसलेली दिसेल. अंगठ्यांवर काळ्या कापडी टोप्या, त्यात वीज वाहून नेणारा धागा विणलेला, जेणेकरून घाम आला तरी पडद्याला स्पर्श कळावा. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने पब्जीवर बंदी घातली. खेळ गेला, पण टोप्या घरोघरी जपून ठेवल्या गेल्या, कारण दुसऱ्या नावाने तो परत येणार याची पोरांना खात्री होती. 2021 च्या जुलैमध्ये तो बीजीएमआय या नावाने आला. आपल्या राजकारणाचा त्यांचा अभ्यास दांडगा असावा.

आणि टोपरंही कामाला आलं नाही, तर शेवटचा आसरा ड्रिफ्टचा. काठीच्या आत आडव्या आणि उभ्या हालचालीसाठी एकेक पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवर एक छोटा पत्रा घासत राहतो. वर्ष-दोन वर्षं घासघासून पट्टी झिजली की काठी सोडून दिली तरी नजर आपोआप एकीकडे सरकते. हा आजार खरा आहे. त्यावर चुंबकाने चालणाऱ्या हॉल इफेक्ट काठ्या निघाल्या, त्यांत घासाघाशीच नाही. पण गेमर मंडळींत ड्रिफ्टचं प्रमाण हरलेल्या सामन्यांनंतर अचानक वाढतं आणि जिंकलेल्या सामन्यात पट्टी आपोआप भरून येते, ही बाब अजून कुठल्या इंजिनिअरच्या लक्षात आलेली दिसत नाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. अंगठ्याने नेम धरणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, हे खेळ बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून खेळात एम असिस्ट असतो. रेघ शत्रूजवळ गेली की खेळ गुपचूप तुमची नजर जड करतो, म्हणजे ती निसटत नाही. कॉल ऑफ ड्यूटीसारख्या खेळांत शत्रू सरकला की तुमची नजरही जराशी त्याच्यामागे ओढली जाते. हेलोमध्ये तर सुटलेली गोळीसुद्धा वाटेत किंचित वळून शत्रूला भेटायला जायची. अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता. इथे पोपटच मान वळवून डोळा बाणासमोर धरतो. माउसवाले याच्या नावाने गेली कित्येक वर्षं बोंबा मारत आहेत, आणि काठीवाले तितक्याच निष्ठेने उत्तर देतात, की हा सगळा आमच्या अंगठ्याचा रियाज.

या कारभारात श्रेयाची वाटणी मात्र चोख आहे. गोळी लागली तर भाच्याची. चुकली तर टोपऱ्याची, कडीची, इंटरनेटची, नाहीतर नेमक्या त्याच वेळी चहा विचारायला खोलीत आलेल्या माझ्या बहिणीची. खेळाने अख्खा वेळ हाताला धरून चालवलं, त्याचं नाव कुठेच येत नाही.

परवा भाच्याने नवं टोपरं दाखवलं. जांभळं, उंच, वर नक्षी. म्हणाला, "मामा, यानंतर एम बघ." मी म्हटलं, "एक काम कर. सेटिंगमध्ये जाऊन एम असिस्ट बंद कर आणि मग हे लावून खेळ. टोपऱ्याने नेमका किती फरक पडतो ते तरी कळेल."

त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे काळजीने बघितलं.

"वेडा आहेस का, मामा? ते बंद केल्यावर नेम कसा लागणार?"